धाकट्या पातीतलं मूल

देवासच्या घरासमोर टांगा थांबला तेव्हा दुर्गाच्या नजरेला आधी पडली ती लाल खणाची कुंची. तिला हिरवा गोट होता आणि गोटाचा डावा कोपरा थोडा ओढला गेला होता. ती दुर्गानेच शिवलेली होती, पण स्वतःच्या मुलासाठी नव्हे. गेल्या आषाढात, बाळंतपणासाठी धारला माहेरी जाण्याआधी, घरी धुणंभांडी करणाऱ्या पार्वतीच्या तान्ह्या मालोजीला तिने ती दिली होती. आज ती कुंची घातलेलं मूल पार्वतीच्या कडेवर होतं. ज्याला भेटायला दुर्गा दोन दिवस टांग्यात बसून आली होती, ते तिचं स्वतःचं मूल मात्र दारात कुठे दिसत नव्हतं.

शेजारच्या ओट्यावर सुमंगलाकाकू गहू निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"काय हो अक्का, कुणाचं हे बाळ?"

"पार्वतीचं," दुर्गाच्या सासूबाई म्हणाल्या. त्यांना घरीदारी सगळे अक्काच म्हणत. त्या एरवी हळू बोलत, पण हे उत्तर रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असतं. "पार्वतीचंच. आमचं कुठलं?"

मग त्यांनी दुर्गावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि म्हणाल्या, "उजवा पाय आधी, सूनबाई."

दुर्गाने उजवा पाय आधी टाकला. ती काही बोलली नाही. बोलली असती तर काय झालं असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तेच वाक्य बोलल्यामुळे तिचे चार महिने गेले होते.

दसऱ्याच्या सुमारास धारला तिला मुलगा झाला होता. सटवीची पूजा झाली, आणि त्यानंतर तिची झोप उडाली. मग ती सांगू लागली की हे मूल माझं नाही, माझं कुणीतरी बदललं आहे, शेपेच्या पाण्यात काहीतरी कालवलेलं आहे. बारसं राहूनच गेलं. एका दुपारी ती मूल घेऊन मागच्या विहिरीवर गेली, त्याला कठड्यावर ठेवलं आणि म्हणाली, ज्याचं असेल त्याने घेऊन जावं. हे तिला नंतर सांगण्यात आलं. तिला स्वतःला फक्त दगडाचा गारवा आठवत होता. कुणी बाळंतवात म्हणालं, कुणी बाहेरची बाधा. अक्का देवासहून आल्या, नातवाला घेऊन गेल्या आणि त्याला पार्वतीच्या अंगावर लावलं. पार्वतीला तेव्हा दोघांपुरतं दूध होतं.

दुर्गा मिशनच्या डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली राहिली. झोपेचं औषध, दूध, गव्हाच्या रव्याची थुली, आणि रोज एक प्रश्न. बाई हिंदीतच बोलत. "दुर्गाबाई, आँखों ने क्या देखा, वो पहले बोलो. मन ने क्या कहा, वो बाद में." सुरुवातीला दुर्गाला ही दोन खाती वेगळी करताच येत नसत. माघात येऊ लागली. शेपेच्या पाण्याला शेपेचाच वास येतो, हे पाहिलेलं. त्यात विष आहे, हे वाटलेलं. एकदा फरक कळल्यावर वाटलेल्याचा जोर हळूहळू उतरला. बाई म्हणाल्या, ही बीमारी बाळंतपणासोबत येते आणि बहुतेक वेळा जाते. गेली आहे. रंगपंचमी झाल्यावर घरी जा.

धाकटा भाऊ भास्कर तिला पोचवायला आला होता. इंदूरचा मुक्काम हलवून निघाल्यावर वाटेत टांगेवाला म्हणाला होता, "लो भिया, टेकडी दिखी, अब समझो घर आ गया." तेव्हा दुर्गाला बरं वाटलं होतं.

घर तेच होतं, पण त्यातल्या वस्तू हलल्या होत्या. विळी तिच्या जागी नव्हती. अक्का ती कुलपातून काढून भाजी चिरून पुन्हा कुलपात ठेवत. परसातल्या विहिरीवर फळ्या टाकून वर जात्याची तळी ठेवलेली होती. दुर्गा ज्या खोलीत जाई तिच्या उंबऱ्यावर कुणी ना कुणी येऊन बसे आणि काहीतरी निवडू लागे. घरात इतके तांदूळ पूर्वी कधी निवडले गेले नव्हते. ती आत आली की बोलणं थांबे आणि मग भलत्याच विषयावर मोठ्याने सुरू होई.

आपल्यावर पाळत आहे असं तिला धारलाही वाटत होतं, पण तेव्हा ते खोटं होतं. आता ते खरं होतं. अडचण हीच होती. पाळत खरी म्हणून बाकीचं सगळं खरं ठरत नाही, हे तिला स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागे.

मूल दिवसभर या घरी असे. पार्वती त्याला पाजी, झोळीत टाकी. संध्याकाळी दिवे लागले की त्याला कडेवर घेऊन रस्ता ओलांडून आपल्या घरी नेई. देवासचा हा रस्ता साधा नव्हता. अलीकडची बाजू थोरल्या पातीची, पलीकडची धाकट्या पातीची. दोन भावांची दोन राज्यं, दोन कचेऱ्या, दोन कोतवाल. दुर्गाचे यजमान नारायणराव थोरल्या पातीच्या शाळेत शास्त्र आणि गणित शिकवत. पार्वतीचा नवरा रघुजी धाकट्या पातीच्या पागेत घोडे सांभाळी. म्हणजे ते मूल रोज रात्री झोपायला परराज्यात जाई.

त्याला सगळे कोंडू म्हणत. त्याच्या उजव्या नाकपुडीत बारीक सोन्याची तार होती.

पहिल्या दिवशी ती तार पाहून दुर्गाच्या मनावरचं ओझं जरा हललं. ही रीत तिला माहीत होती. ज्या घरी मुलं जगत नाहीत तिथे नव्या मुलाला सुपात घालून परक्या बाईच्या ओटीत द्यायचं, पायलीभर कोंड्यावर विकलं असं म्हणायचं, नाक टोचायचं, नाव दगड-कोंड्यासारखं ठेवायचं. मग त्याच्या मागावर असलेल्या सटवीला वाटतं की हे या घरचं नव्हेच, आणि असलं तरी कुणाला हवंसंही नाही. नारायणरावांच्या आधीची अक्कांची दोन मुलं गेली होती. बी. ए.ला रसायन घेतलेल्या, मुलांना हवेचा दाब शिकवणाऱ्या नारायणरावांच्याही उजव्या नाकपुडीला बुजलेलं छिद्र होतं आणि विचारात असले की त्यांचा अंगठा तिथे जाई. एकदा असं विकलेलं मूल आपलं आहे असं घरच्यांनी तोंडाने म्हणायचं नसतं. वर्षाने परत विकत घेईपर्यंत नाही. म्हणूनच अक्का दारात ओरडून बोलल्या होत्या.

हे सगळं जुळत होतं. पण कुंची जुळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुर्गाने अगदी सहज विचारलं, "पार्वती, तुझा मालोजी कुठे आहे गं? दिसला नाही."

पार्वती भांड्याला राख लावत होती. तिचा हात थांबला. उत्तर अक्कांनी दिलं.

"खातेगावला आहे, आजीकडे. इथे दोघं कुठे सांभाळायची?"

"हो," पार्वती भांड्याकडे बघत म्हणाली. "आजीकडे."

दुर्गाने मान डोलावली आणि आत गेली. पाहिलेलं एवढंच की पार्वतीला दूध आहे. नऊ महिन्यांचं अंगावरचं पोर, आईला दूध असताना, खातेगावसारख्या दूरच्या गावी कुणी पाठवत नाही. म्हणजे मालोजी खातेगावला नाही. मुलं दोन होती आणि उरलं आहे एक. दुसरं गेलं आहे आणि आपल्याला कुणी सांगत नाही.

पण कुणाचं गेलं?

मालोजी गेला असेल तर हे कोंडू तिचं, आणि विकण्याचा खेळ खरोखरच खेळ. तिचं गेलं असेल, तर वेड लागलेल्या सुनेला धक्का नको म्हणून पार्वतीचं मूल तिच्यापुढे ठेवलं आहे, आणि रस्त्यावर ओरडून सांगितलेलं उत्तर अक्षरशः खरं आहे. कुंची, नाकातली तार, संध्याकाळी रस्ता ओलांडणं, खातेगावची थाप, सगळं दोन्हीकडे सारखंच बसत होतं. ही रीत मुळी बघणाऱ्याला काहीच कळू नये यासाठीच होती. सटवीला जे कळत नाही ते आईला कसं कळावं?

ओळखून पाहावं म्हटलं तर तिने आपलं मूल नीट पाहिलं होतं ते पहिल्या आठवड्यात. तेव्हाचा लाल, मिटलेल्या डोळ्यांचा गोळा आणि आताचं टकमक बघणारं मूल यांत ताडून पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. आठवड्यानंतरची आठवण तर धरायचीच नव्हती. ती बिघडलेल्या तराजूने केलेल्या वजनासारखी होती.

रात्री जेवणानंतर तिने नारायणरावांना विडा देताना विचारलं, "मूल बरं आहे ना?"

"मूल बरं आहे," ते म्हणाले. अंगठा नाकपुडीवर गेला. "तू विचार करू नकोस."

ते 'आपलं' म्हणाले नाहीत. आईला शब्द दिला असेल म्हणून, किंवा खोटं बोलवत नाही म्हणून. याही उत्तराच्या दोन बाजू होत्या.

तिला तिसरं कुणी विचारायला नव्हतं. आणि विचारायचं म्हणजे ते वाक्य उच्चारायचं. त्याची किंमत तिला दुसऱ्याच सकाळी कळली. ओसरीवर नारायणराव भास्करला सांगत होते आणि ती आत दुधाच्या सायीवर झाकण ठेवत होती.

"पाडव्यापर्यंत राहा, भास्करराव. ठीक राहिली तर उत्तम. पण मुलाबद्दल पुन्हा तेच म्हणाली, तर लगेच धारला न्यायचं. अक्का मग तिला मुलाजवळ येऊ द्यायच्या नाहीत, आणि मलाही त्यांना काही म्हणता येणार नाही."

"मग परत कधी?"

"मग बघू," नारायणराव म्हणाले, आणि शाळेची वही उचलली.

म्हणजे गप्प राहिली तर मूल मिळेल, पण कुणाचं ते कळणार नाही. विचारलं तर मूल जाईल. ते तिचं असलं तरी.

दुर्गा गप्प राहिली. ती अंगणात अक्कांच्या पापडांच्या लाट्या करी, हसून बोले आणि लांबून पाहत राही. तिच्या हाती एकच भक्कम गोष्ट होती. मालोजी ज्येष्ठातला, तिचा मुलगा अश्विनातला. मधल्या चार महिन्यांचा फरक लहान मुलात लपत नाही. कोंडू धरून बसवला तर बसे, सोडला तर कलंडे. साडेपाच महिन्यांचं मूल असंच करतं. पण आजारातून उठलेलं नऊ महिन्यांचं मूलही असंच करतं. माहेरी तिच्या आत्याचं पोर खोकल्यानंतर पुन्हा नव्याने बसायला शिकलं होतं. आणि कोंडू काटकुळा होता.

एका सकाळी ती माजघराच्या दारात उभी असताना पार्वतीची पाठ तिच्याकडे होती. पार्वती झोळीला झोका देत खाली वाकली आणि पुटपुटली, "माल्या, नीज रे. नीज माझ्या माल्या."

दुर्गा मागच्या पावली परत फिरली आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीला टेकून उभी राहिली. पाहिलेलं: पार्वतीने कोंडूला माल्या म्हटलं. हे पाहिलेलंच होतं, कानांनी ऐकलेलं. वाटलेलं काय ते तिने स्वतःशीही उच्चारलं नाही.

मग तिला दातांचं सुचलं. सहाव्या-सातव्या महिन्यात खालचे दोन दात येतात. नऊ महिन्यांच्या मुलाला ते असायला हवेत, साडेपाच महिन्यांच्या मुलाला बहुधा नसतात. अशक्त मुलाचे दात लांबतात, म्हणजे हीसुद्धा पक्की परीक्षा नव्हती. पण दात सापडला तर एका बाजूचा निकाल लागणार होता. ती बाजू कोणती हे ठाऊक असूनही तिला बोट लावून पाहायचं होतं.

पाडवा तीन-चार दिवसांवर आला. त्या दुपारी अक्का अंगणात पापड उलटत होत्या, पार्वती परसात धुणं धूत होती. भास्कर ओसरीवर उंबऱ्याची राखण करता करता पेंगला होता. झोळीत कोंडू जागा होता आणि स्वतःची मूठ चोखत होता.

दुर्गाने हात धुतले. ती झोळीजवळ बसली. मुलाने तिच्याकडे पाहिलं, मूठ सोडली आणि तोंड उघडलं. तिने करंगळी आत घातली. खालची हिरडी गुळगुळीत होती, जरा टणक. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ती बोट फिरवत गेली. वरची तशीच. मुलाने हिरड्यांनी तिचं बोट पकडलं आणि चोखायला लागलं.

"हात काढ."

अक्का दारात उभ्या होत्या. हाताला पिठी तशीच होती. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन दुर्गाचं मनगट धरलं, बोट मुलाच्या तोंडातून बाहेर काढलं आणि झोळी आणि दुर्गा यांच्यामध्ये येऊन उभ्या राहिल्या. मूल रडायला लागलं.

"भास्करराव," त्या बाहेर न बघता म्हणाल्या. "टांगा सांगा. आत्ता."

भास्कर दचकून उठला, आत डोकावला, बहिणीकडे पाहिलं. "ताई, काय केलंस?" तिने उत्तर द्यायच्या आत तो चपला घालून निघालाही होता.

आता गप्प राहून काही राखता येण्यासारखं उरलं नव्हतं. दुर्गाने पदर सावरला.

"अक्का, मी दोन गोष्टी सांगते. आधी पाहिलेलं सांगते, मग वाटलेलं. दोन्ही ऐका आणि मग टांग्यात बसवा. मी बसेन."

अक्का झोळीसमोरून हलल्या नाहीत.

"याने घातलेली कुंची मी मालोजीला दिलेली होती. मालोजी खातेगावला आहे म्हणता, पण पार्वतीला दूध आहे. पार्वती याला माल्या म्हणते, ते मी ऐकलं. याला दात नाहीत, ते आत्ता पाहिलं. तेवढ्यासाठीच बोट घातलं होतं. हे सगळं पाहिलेलं." तिने ओली करंगळी पदराला पुसली. "मला वाटतं की दोघांतलं एक गेलं. कुणाचं गेलं ते मला कळत नाही. हे माझं नाही असं मी म्हणत नाही, अक्का. धारला म्हणत होते. आता म्हणत नाही. मला कळत नाही, एवढंच म्हणते. माझं गेलं असेल तर तसं सांगा. मी ऐकू शकते."

अक्कांचे ओठ हलले. त्यांनी रस्त्याकडच्या उघड्या खिडकीकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि पुन्हा खिडकीकडे. त्यांना उत्तर देता येत होतं आणि देता येत नव्हतं. दोन मुलं पुरलेल्या आणि तिसरं कोंड्यावर विकून जगवलेल्या बाईने खिडकी उघडी असताना 'आपलं' हा एक शब्द कसा उच्चारावा?

"त्याला दात होते."

पार्वती परसाच्या दारात उभी होती. कोपरापर्यंत हात ओले, पदर खोचलेला.

"माल्याला, वहिनीसाहेब. खालचे दोन. संक्रांतीच्या आधी आले. चावायचा मेला." तिने ओला हात पदरावरून छातीशी नेला. "इथं व्रण हाय अजून, बघायचा असंल तर. संक्रांत झाली आन ताप आला. कंई नी करता आलं."

ती पुढे आली, झोळीतलं रडणारं मूल उचललं आणि खांद्यावर घेतलं. ते लगेच थांबलं.

"दूध दोघांना पुरायचं नाही पुढं पुढं. अक्कासाहेब म्हणाल्या, आधी याला पाज. मी आधी याला पाजायची, उरलेलं त्याला." अक्कांनी डोळे मिटले. पार्वती त्यांच्याकडे न बघता बोलत राहिली. "पन तो तापानं गेला. दूध कमी पडून नाही गेला. ते मी अक्कासाहेबांनाबी सांगितलंय. यांना पटत नाही. म्हणून कुणी नाव काढायचं नाही, म्हणून खातेगाव. याला कुंची घातली ती मीच. थंडी होती. आन याला माल्या म्हणते तीबी मीच. तोंडातून जातं."

दुर्गा तिच्याकडे पाहत राहिली. इतके दिवस तिने या बाईच्या पाठीवर, हातांवर, आवाजावर संशयाने डोळा ठेवला होता. त्यातलं जवळजवळ सगळं बरोबर पाहिलं होतं. पार्वती खरंच काहीतरी लपवत होती. पण ते लपवणं म्हणजे आईचं दुःख असेल, ज्याला माल्या म्हणायचं तो उरला नाही म्हणूनच ते नाव तोंडातून जात असेल, ही बाजू दुर्गाने कधी धरून पाहिलीच नव्हती.

"घ्या," पार्वती म्हणाली आणि मूल तिच्या हातांत दिलं. मूल अपेक्षेपेक्षा जड होतं.

बाहेर टांगा थांबल्याचा आवाज झाला. भास्कर दारात आला. त्याने बहिणीच्या हातातलं मूल पाहिलं आणि घाबरून अक्कांकडे पाहिलं.

अक्कांनी पदराने तोंड पुसलं. पिठी गालाला लागली. खिडकीशी जाऊन त्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पार्वतीचंच आहे ते. आमचं कुठलं?" मग वळल्या आणि नेहमीच्या हळू आवाजात बोलल्या. "भास्करराव, टांगा आणलाच आहे तर तुम्हीच बसा. पाडव्याला घरी आई वाट बघत असेल. पार्वती, चल गं, पापड कडक झाले सगळे."

त्या बाहेर पडल्या. पार्वती त्यांच्या मागे गेली. भास्कर टांगेवाल्याशी घासाघीस करायला गेला.

दुर्गाने उंबऱ्याकडे पाहिलं. तिथे तांदळाचं सूप होतं, पण त्यामागे कुणी बसलेलं नव्हतं.

ती मुलाला मांडीवर घेऊन बसली. फार काही झालं नाही. पान्हा केव्हाच आटला होता. मुलाने तिच्या बांगडीशी खेळून पाहिलं, मग कंटाळून पार्वतीसाठी भोकाड पसरलं. तिने त्याला उभं धरून फिरवलं. मनात आलं की पार्वती अक्कांच्या सांगण्यावरून बोलली असेल, दात होते ही थाप असेल. तिने तो विचार वाटलेल्यात टाकला. तो तिथे बसून राहिला, पण बोलला नाही.

संध्याकाळी नारायणराव शाळेतून आले तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि ते तिच्यासमोर येऊन बसले.

"माल्या गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईने सूप काढलं," ते म्हणाले. "म्हणाली, धाकट्या पातीत विकते. सटवी आली तरी थोरल्या पातीतच शोधेल, परराज्यात तिला कोण विचारतो. मला हसू आलं होतं. पण आई हसत नव्हती. मी शब्द दिला."

"मला का नाही कळवलं?"

"तुझं मूल दुसऱ्याला दिलं आहे, असं तुला लिहू? तू धारला तेच तर म्हणत होतीस."

"इकडून लिहिलं असतं तर मी एकदाच घाबरले असते," दुर्गा म्हणाली. "न लिहिल्यामुळे रोज घाबरले."

त्यांचा अंगठा नाकपुडीवर गेला. "खरं आहे."

"या तारेने मूल जगतं, असा इकडे तरी विश्वास आहे का?"

"नाही," ते म्हणाले. "पण काढायला धीर होत नाही."

दिवे लागले. पार्वती मूल न्यायला आली. दुर्गाने त्याला कुंची घातली, डावीकडचा ओढला गेलेला गोट बोटाने सरळ केला आणि त्याला तिच्या कडेवर दिलं. मग ओट्यावर उभी राहून ती दोघं रस्ता ओलांडून पलीकडच्या राज्यात जाईपर्यंत पाहत राहिली. सकाळी ते परत येईल का, असं तिला वाटलं. पाहिलेलं एवढंच की आजवर रोज आलं आहे.

दुसऱ्या दिवशी विळी भिंतीशी तिच्या जुन्या जागी होती. विहिरीवरच्या फळ्या मात्र तशाच राहिल्या, आणि दुर्गानेही त्या काढा असं म्हटलं नाही.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाल्यावर ती मुलाला घेऊन ओट्यावर आली. पार्वती रस्त्याच्या पलीकडे तिच्या दारात सडा घालत होती. सुमंगलाकाकू नवं लुगडं नेसून शेजारच्या ओट्यावर उभ्या होत्या. त्यांना या गल्लीतलं सगळं ठाऊक असे, आणि तरी विचारण्याचं आपलं काम त्या कधी टाळत नसत.

"काय गं दुर्गे, कुणाचं हे बाळ?"

दुर्गाने मुलाला कडेवर वर सरकवलं. पलीकडे पार्वतीचा हात सड्याच्या बादलीत थांबला होता.

"पार्वतीचं," दुर्गा म्हणाली. "पार्वतीचंच. आमचं कुठलं?"

"अगं हळू," काकू कानावर हात ठेवत म्हणाल्या. "मला ऐकू येतं."

"तुम्हाला नाही सांगत मी," दुर्गा म्हणाली.